थे कवळी नोहोय, आबाजी!

माझ्या माऊथगार्डचे, म्हणजे खेळताना दातांवर बसवायच्या कव्हरचे, पैसे मी भरले, पण तो पहिल्यांदा तोंडात घातला एका अनोळखी आबाजीनं. आता बोला.

आमच्या कबड्डी टीममधल्या राइट कॉर्नरचा, म्हणजे उजव्या टोकाला उभं राहून पकड करणाऱ्याचा, पुढचा दात रेडरच्या गुडघ्यानं गेला. पडलेला दात दुधात ठेवून अर्ध्या तासात डॉक्टरकडे नेला तर परत बसू शकतो म्हणे, पण त्याचा तर मैदानातल्या मातीत सापडलाच नाही. मग बायकोनं फर्मान काढलं, दाताला काही लावल्याशिवाय कबड्डी बंद. म्हणून तालुक्याचं दुकान.

दुकानदारानं क्रिकेटच्या पॅडांमागून डबी काढली, धूळ फुंकली. गरम पाण्यात मऊ करून वरच्या दातांवर चावून बसवायचा, तो प्रकार. साधा रेडिमेड त्याच्याकडे होता पण तो दातांनी धरून ठेवावा लागतो, तोंड उघडलं की खाली. तिसरा प्रकार डेंटिस्ट माप घेऊन बनवतात, सगळ्यात चांगला बसतो, पण त्यासाठी अमरावती, म्हणजे मापाले एसटी, घ्यायले पुन्हा एसटी.

मी विचारात, तेवढ्यात नातवासाठी बॉल घ्यायला आलेले आबाजी जवळ सरकले.

"कितीले देल्ली कवळी?"

"कवळी नोहोय आबाजी, दातावर लावाचं कव्हर हाये. खेळाले."

"तुले तं दात हायेत ना? मंग कव्हर कायले?"

"दात हायेत म्हणूनच ना!"

"माहे होते तवा कोणं नाही देल्लं बाप्पा."

याला काय उत्तर द्यावं. तेवढ्यात दुकानदार बोलला, साडेतीनशे. आबाजीचे डोळे चमकले. "डॉक्टर हजारोनं सांगते!" असं म्हणत त्यांनी डबीतून गार्ड उचलला अन् सरळ तोंडात. दुकानाच्या काचेत इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, हवेतच दोन-चार घास चावून पाहिले, मग काढून, न पुसता, माझ्या हातावर ठेवला.

"सैल होते. अन् कंपनीवाले दात लावाचेच इसरले."

दुकानदार थंडपणे म्हणतो, आता उष्टा झाला भाऊ, तुमालेच घ्या लागन. मी म्हटलं उष्टा म्या केला का? तर म्हणे, गिऱ्हाईक तुमी, थे तं बॉलवाले. आबाजी तोवर बॉल घेऊन पसार.

साबणानं घासघास घासला, गरम पाण्यात टाकला, चावून बसवला. बसला झकास. आता म्हणून पाहिलं तर 'कबड्डी कबड्डी' नाही, 'फफी फफी' निघते! ही वस्तू मुळात बॉक्सरसाठी, 1890 मध्ये लंडनच्या वूल्फ क्राउस नावाच्या डेंटिस्टनं बनवली, अन् बॉक्सरले कुठं बोलायचं असते? आम्हाला एका दमात, पंचाला ऐकू जाईल असं बोलावं लागतं, नाहीतर आउट. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिन ऑलिम्पिकात कबड्डी दाखवून आली, तरी आमच्याकडच्या स्पर्धेत आजही मंडपाला पैसा, डीजेला पैसा, पाहुण्यांच्या शालीला पैसा, अन् फर्स्ट एडचा डबा मागितला की "पुढच्या वर्षी पाहू". दात पोरांचे जातात, फोटो शालवाल्यांचे येतात.

शेवटी पंचाला फोन लावला, गार्ड घालून रेड मारू का. तो म्हणे, "मले कबड्डी आयकू आलं पायजे, बस. तोंडात काई ठेव. बाकीचे तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवतेतच ना."