वार, द्राक्षगर्भ आणि 'नियमन' : मंजिरीताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

मंजिरीताई, नमस्कार.

वारेवरच्या, म्हणजे प्लॅसेंटावरच्या, माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात. बरं झालं, नुसत्या 'छान लेख'ला उत्तर तरी काय द्यायचं! तुमचं म्हणणं असं : जनुकं आईबापांकडून आली ती आली, 'नियमन' (जनुकं गरजेप्रमाणे चालू-बंद होणं) म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं. वारेत विषाणूचं जनुक राबतं असं लिहून मी गरोदर बायकांना घाबरवते. आणि गरोदरपणात रक्तदाब चढतो तो खाण्यापिण्याची हेळसांड केल्याने, त्यात वारेला कशाला ओढायचं?

पहिल्या मुद्द्यासाठी द्राक्षगर्भ (मोलर प्रेग्नन्सी) बघा. पूर्ण द्राक्षगर्भात बहुतेक वेळा आईची गुणसूत्रं नसलेल्या बीजात शुक्रजंतू शिरतो आणि त्याचीच गुणसूत्रं दुप्पट होतात. मोजली तर बरोबर ४६. तरीही बाळ तयार होत नाही, वारेचे अंकुर तेवढे फुगून घडासारखे माजतात. असं का, तर काही मोजक्या जनुकांवर 'आईकडून' किंवा 'बापाकडून' अशी रासायनिक खूण असते आणि त्या खुणेप्रमाणे एकच प्रत चालते. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी५७ हे प्रथिन आईकडच्या प्रतीवरून बनतं, बापाकडची जवळजवळ बंद असते. पॅथॉलॉजिस्ट निदानासाठी हेच वापरतात. पी५७ची चाचणी केलेल्या स्लाइडवर हे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. निरोगी वारेच्या अंकुरांतल्या आतल्या थराची केंद्रकं तपकिरी दिसतात, पूर्ण द्राक्षगर्भात ती निळीच राहतात. त्याच स्लाइडवर शेजारी आईच्या गर्भाशयाच्या पेशी मात्र तपकिरी असतात, म्हणजे चाचणी बिघडलेली नसते. जनुक जागेवर आहे, धडधाकट आहे, फक्त बंद आहे. याला नियमन म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

१९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियात मॅकग्रा व सोल्टर या शास्त्रज्ञांनी उंदरांवर हेच दाखवलं. गुणसूत्रांचे दोन्ही संच आईकडचे असले तर गर्भ थोडाफार वाढतो पण वार खुरटते. दोन्ही बापाकडचे असले तर वारेच्या ऊती वाढतात आणि गर्भ मागे पडतो.

आता विषाणू. पेशी एकमेकींत मिसळवणाऱ्या सिन्सिटिन-१ या प्रथिनाचं जनुक विषाणूकडून आपल्या पूर्वजांच्या वंशात सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी शिरलं. ते तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे, पुरुषांच्यासुद्धा, आणि बहुतेक ठिकाणी कुलूपबंद आहे. वारेत जीसीएम१ नावाचं नियामक प्रथिन जागं झालं की हे कुलूप उघडतं आणि शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून असंख्य केंद्रकांचं एकच सलग आवरण होतं. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर ज्या एचसीजी या संप्रेरकामुळे दुसरी रेघ उमटते, ते याच आवरणातून येतं. यात संसर्ग कुठेच नाही. उलट उंदरांमधलं अशाच कामाचं जनुक काढून टाकलं तर पिल्लं पोटातच मरतात. घाबरायचंच असेल तर हे जनुक नसण्याला घाबरावं!

रक्तदाबाच्या मुद्द्यावर मात्र मी जरा चिडले. वारेच्या काही पेशी मिसळून जाण्याऐवजी दुसरी वाट धरतात. वेगळी जनुकं चालू करून त्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्यांचा स्नायूंचा थर हटवून त्या रुंद करतात. हे काम अर्धवट राहिलं की रक्ताचा पुरवठा बिघडतो, आणि लवकर सुरू होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणात रक्तदाब चढण्याच्या गंभीर विकाराचं) मूळ बऱ्याचदा इथेच असतं. याची सुरुवात पोट दिसायलाही लागलेलं नसतं तेव्हाच होते. आहाराला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. जेवणात कॅल्शियम फारच कमी असेल तर ते वेगळं दिल्याने धोका कमी होतो. पण म्हणून आधीच हादरलेल्या बाईला 'तू नीट खाल्लं नाहीस' म्हणून सुनवायचं?

तुमच्या ओळखीत कुणाला आधीच्या खेपेला हा त्रास झाला असेल, तर पुढच्या खेपेला दवाखान्यात नाव घालायला उशीर करू नका म्हणावं. कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची तर ती शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.