सैंधव खाल्लं की बीपी वाढत नाही? त्या फिरत्या संदेशाचा हिशेब

फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी उगवणारा हा संदेश. सार असं: पिशवीतलं आयोडीनयुक्त मीठ म्हणजे कारखान्यात बनवलेलं रसायन, त्यात सायनाईड घालतात, त्याने बीपी आणि थायरॉईड होतो. सैंधवात मात्र 84 खनिजं असतात, त्याने बीपी वाढत नाही, आयुर्वेदही तेच सांगतो, म्हणून रोजच्या जेवणात सैंधवच वापरा. यात एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच तो खपतो.

«सैंधवात 84 खनिजं असतात»

बाजारातलं गुलाबी सैंधव (शेंदेलोण) मुख्यतः पाकिस्तानातल्या खेवरा भागातल्या खाणींतलं. त्यात साधारण 96 ते 98 टक्के सोडियम क्लोराईडच असतं. 97 टक्के धरा. दिवसाच्या 5 ग्रॅम मिठात बाकी सगळं मिळून उरतं 150 मिलिग्रॅम, आणि त्यातही ओलावा, जिप्सम, मातीचे कण आले. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साईडचा. हे दीडशेच्या दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम आहे असं मानलं (तसं नसतं), तरी 50 ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या एका भाकरीत त्याहून जास्त कॅल्शियम मिळतं. शिवाय 84 ची ती यादी पूर्ण वाचली, तर त्यात शिसं आणि आर्सेनिकही सापडतात. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

«पिशवीतलं मीठ कारखान्यात बनतं»

भारतातलं बहुतेक मीठ गुजरातच्या मिठागरांतून येतं, समुद्राच्या किंवा जमिनीतल्या खाऱ्या पाण्यापासून. पेण-उरणच्या आगरांत जे होतं तेच तिथेही होतं. कोंड्यांतलं (मिठागरातल्या उथळ वाफ्यांतलं) पाणी उन्हाने आटत 25 अंश बॉमेला (पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) आलं की मीठ पडायला लागतं. 29-30 अंशांपुढे उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार फार वाढतात, म्हणून ते काढून टाकतात, नाहीतर मीठ कडू होतं. शुद्ध करताना मुख्यतः हेच मॅग्नेशियम क्लोराईड, जिप्सम आणि चिखल धुतला जातो. खड्याच्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं तेही त्याच मॅग्नेशियममुळे.

«त्यात सायनाईड असतं»

मीठ मोकळं राहावं म्हणून काही ब्रँड पोटॅशियम फेरोसायनाईड (पाकिटावर त्याचा क्रमांक आयएनएस 536) वापरतात. यात सायनाईड लोहाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की भाजी-आमटीच्या उष्णतेने सुटत नाही. भारतातली मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅम मिठातून जास्तीत जास्त 0.05 मिलिग्रॅम. 60 किलो वजनाच्या माणसासाठी रोजची सुरक्षित मर्यादा 1.5 मिलिग्रॅम, म्हणजे तीसपट. तरी नको असेल, तर पाकिटावर 536 नसलेलं आयोडीनयुक्त मीठ घ्या. त्यासाठी आयोडीन सोडायचं कारण नाही.

«आयोडीन नैसर्गिक मिठात असतंच, वरून कशाला?»

संदेशातला सगळ्यात घातक दावा हाच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार आणि जेमतेम 0.06 मिलिग्रॅम आयोडीन. सगळं आयोडीन मिठात उतरलं असं मानलं, तरी किलोला 1.7 मिलिग्रॅमच होतं. प्रत्यक्षात बरंचसं काढून टाकलेल्या पाण्याबरोबर जातं. आयोडीनयुक्त मिठात दुकानात विकताना किलोला किमान 15 मिलिग्रॅम असावं लागतं. खाणीतल्या सैंधवातही नैसर्गिक आयोडीन नगण्यच.

प्रौढाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, गरोदरपणी 250. कमी पडलं तर गलगंड होतोच, पण त्याहून मोठं नुकसान पोटातल्या बाळाच्या मेंदूचं. आताच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंडाचं प्रमाण उतरतं हे दाखवलं. 1962 मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो त्यातूनच. रोज समुद्राची मासळी खाणाऱ्या घराला थोडा आधार असतो. शाकाहारी घर पूर्णपणे सैंधवावर गेलं, तर उरतं फक्त दूधदुभतं.

थायरॉईडची गोळी चालू आहे म्हणून स्वतःहून आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका. थायरॉईड अतिसक्रिय असेल किंवा किरणोत्सारी आयोडीनचे उपचार ठरले असतील, तर काय टाळायचं ते डॉक्टर सांगतात.

भारतात घालतात ते पोटॅशियम आयोडेट टिकाऊ असतं, पण अमर नाही. बरणी घट्ट झाकणाची हवी, गॅसपासून लांब. मीठ शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घाला, आणि आयोडीनयुक्त मीठ कढईत भाजू नका.

«सैंधवाने बीपी वाढत नाही»

बीपीशी संबंध सोडियमचा, आणि 5 ग्रॅम सैंधवातही जवळपास 2 ग्रॅम सोडियम असतंच. पादेलोणाचंही तेच. उलट सैंधवाचा जाडसर चुरा कमी खारट लागतो आणि हात सैल सुटतो. सोडियम खरंच कमी असतं ते पोटॅशियम क्लोराईड मिसळलेल्या मिठात. चीनमध्ये सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असं मीठ (25 टक्के पोटॅशियम क्लोराईड) वापरणाऱ्यांत पक्षाघात 14 टक्के कमी दिसला. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची औषधं चालू असतील, तर ते विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

«आयुर्वेदात सांगितलंय»

सांगितलंय. चरकसंहितेत लवणांमध्ये सैंधव श्रेष्ठ मानलं आहे. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्यं अति वापरू नयेत असंही आहे. हे वाक्य फॉरवर्डमधून नेमकं गळतं.

सैंधवाच्या बाजूने एक मुद्दा मान्य करायला हवा. सूक्ष्म प्लास्टिक समुद्री मिठापेक्षा खाणीतल्या मिठात कमी सापडल्याचं 2024 च्या एका भारतीय तपासणीत दिसलं. सापडलं मात्र सगळ्याच नमुन्यांत.

मग स्वयंपाकघरात काय ठेवायचं? रोजच्या डाळ-भाजी-कणकेला आयोडीनयुक्त बारीक मीठ. उपवासाला सैंधव, ताक-चाटला पादेलोण. लोणच्याला खड्याचं मीठ कोरडं भाजून, कुटून, पूर्ण गार करून, किलोभर कैरीला 200 ते 250 ग्रॅम. ओलसर राहिलं तर बुरशी ठरलेली. आणि पिशवी किती दिवसांत संपते ते पाहा: चार मोठ्या माणसांना दिवसाला 5 ग्रॅमप्रमाणे महिन्याला 600 ग्रॅम पुरतात, आणि त्या 600 मध्ये लोणचं, फरसाण, पाव, पापड हे सगळं धरलेलं आहे. पापडखार आणि खायच्या सोड्यातही सोडियम असतं, ते वेगळं.