बिनवासाचं काही आहे का?

नाशिकच्या हवेची स्तुती करणारा माणूस भेटला की मी आधी त्याच्या नाकाचा शेंडा बघते. तो चकाकत असतो. मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा गंगापूर रोडला उभा राहून छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "काय मस्त कोरडी हवा आहे हो तुमच्याकडे!" आम्हा कोरड्या आणि वर संवेदनशील कातडीच्या मंडळींना या वाक्यावर हसता येत नाही. हसलं की ओठ फाटतात.

निफाडचा पारा बातम्यांत झळकायला लागला, की नडगीवर नखाने पांढरी रेघ ओढता येते. शाळकरी पोरं त्यावर फुली-गोळा खेळतात. थंडीची ही बदनामी रास्त आहे, पण अर्धवट आहे. होळी झाली की घरोघरी क्रीमचा डबा कपाटात मागे सरकवला जातो आणि खरा घात तिथे होतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी नाशिकची हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा कितीतरी कोरडी असते. घाम येतो म्हणून आपल्याला त्वचा ओली वाटते, एवढंच. घाम सुकतो, मीठ मागे राहतं, आणि मानेवर आग सुरू होते. डबा पुढेच राहू द्यावा. पावसाळ्यात मागे ठेवला तर हरकत नाही.

"माझ्या त्वचेला काय लावू?" हा प्रश्न सगळे विचारतात. "काय लावायचं थांबवू?" असं कोणी विचारत नाही, कारण त्या उत्तराची बाटली मिळत नाही. शिवाय कातडी बिघडते ती बहुतेक वेळा न्हाणीघरात. गॅस गीझरचं पाणी इतकं कडकडीत, की आंघोळीहून आलेला माणूस लाल दिसतो आणि घरचे त्याला तेज समजतात. पाणी मनगटाला कोमट लागेल इतपत हवं आणि आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटपायला हवी. नव्या सोसायट्यांत बोअरचं पाणी असतं, त्याचा आणखी एक ताप. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. त्यातले कॅल्शियमचे क्षार साबणाशी मिळून एक चिकट साका करतात आणि तो अंगावरून नीट धुतला जात नाही. बादलीच्या कडेला दिसतो तोच थर पोटऱ्यांवरही असतो. आंघोळीची शेवटची बादली तरी गंगापूर धरणाच्या, म्हणजे महापालिकेच्या पाण्याची असू द्यावी.

साबण कातडीचं काय करतो, हे द्राक्षांच्या जिल्ह्यात समजावून सांगायला सोपं जातं. बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. द्रावण अल्कधर्मी असतं. सालीवरचा मेणाचा पातळ थर त्याने विस्कटतो, आतलं पाणी भराभर उडतं आणि द्राक्ष सुरकुततं. शेतकरी हे पैसे मिळवण्यासाठी करतो, आपण पैसे देऊन स्वतःवर करून घेतो. त्वचेचा सामू (पीएच) साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे किंचित आंबट. साबणाचा 9 ते 10. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींच्या मधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचं अस्तर असतं. ते रोज सकाळी ओढून काढायचं आणि मग त्याच सेरामाइडची बाटली महागात आणायची, असा हा व्यवहार आहे.

वाण्याकडे या विषयावर बोलताना टीएफएम (टोटल फॅटी मॅटर) हा शब्द टाकला की वजन पडतं. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीत 70 आणि तिसऱ्या प्रतीत 60 टक्के मेदयुक्त भाग लागतो. पण टीएफएम कितीही चढला तरी साबण अल्कधर्मीच राहतो. पारदर्शक ग्लिसरीनवाला तसाच, आणि वेष्टनावर गुटगुटीत बाळ असलेलाही बहुधा तसाच. आपल्याला हवी ती सिंडेट वडी, म्हणजे साबण नसलेली वडी. तिच्यावर बहुधा सामू छापलेला असतो, साडेपाचच्या आसपास. विश्वास नसेल तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून पीएचच्या पट्ट्या आणाव्यात, वडीचा फेस करून त्यात पट्टी बुडवावी. पट्टी गर्द हिरवी किंवा निळी झाली तर ती वडी पाहुण्यांसाठी ठेवावी, विशेषतः मुंबईच्या. आणि सिंडेट असली तरी अंगभर घासायचं कारण नाही. काखा, जांघा, तळपाय एवढंच. दंड आणि पाठ यांनी असं काय केलेलं असतं की त्यांना रोज धुवून काढावं?

आता कॉलेज रोड. तिथल्या सौंदर्यप्रसाधनांच्या गारेगार दुकानात शिरलं की आधी अत्तराचा भपकारा येतो. आपल्यासारख्यांनी तिथूनच मागे फिरायला हवं, पण फिरत नाही.

"बोला मॅडम, काय दाखवू?"

"बिनवासाचं काही आहे का?"

"हे घ्या ना, अगदी माइल्ड वास आहे. लॅव्हेंडर."

"वासच नको आहे."

"मग हे रोझ घ्या. नॅचरल आहे."

हा संवाद पुढे चंदन, केशर, संत्रं आणि "ओशन" असा फिरत राहतो. समुद्र नाशिकपासून शंभराहून अधिक किलोमीटर लांब आहे आणि त्याचा वास काही कोणी सुखासुखी गालाला लावत नाही. पण काउंटरमागच्या ताईचा दोष नाही. वास नसलेली वस्तू ग्राहकाला हुंगायला कशी देणार?

तर खोक्यावरचं चित्र बघायचं नाही, मागची बारीक यादी बघायची. एक टक्क्याच्या वरचे घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, त्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने. फेनॉक्सीइथेनॉल हे टिकाऊपणासाठीचं द्रव्य एक टक्क्याहून जास्त घालत नाहीत. तेव्हा यादीत ते सापडलं की तिथे बोट ठेवायचं. त्यानंतर येणारं सगळं जवळपास चिमूटभर. खोक्यावर अर्धं झाड रंगवलेलं बदाम तेल आणि मूठभर दाखवलेलं केशर हटकून या बोटाच्या खाली सापडतं. सेरामाइडही खालीच सापडेल, पण त्याचं थोडक्यात भागतं, म्हणून त्याला माफ.

परफ्यूम, फ्रेग्रन्स, लिमोनीन, लिनालूल, जिरेनिऑल यांपैकी काहीही दिसलं की बाटली परत ठेवावी. शेवटचे तीन नैसर्गिक तेलांतही असतात, म्हणून "नॅचरल" या शब्दाने दबून जाऊ नये. खाजकुइलीही नैसर्गिकच आहे. लिमोनीन आणि लिनालूल हवेच्या संपर्कात राहून जुने झाले की ॲलर्जी देण्यात अधिक पटाईत होतात. वर्षभर उघडी पडलेली बाटली मावशीने प्रेमाने दिली तर नमस्कार करून घ्यावी आणि पायपुसण्याशेजारी ठेवावी. "अनसेंटेड" आणि "फ्रेग्रन्स-फ्री" यांतही गल्लत करू नये. पहिल्यात कच्च्या मालाचा वास दाबण्यासाठी दुसरा वास घातलेला असू शकतो. अल्कोहोल दिसलं की मात्र लगेच घाबरू नये. डिनेचर्ड अल्कोहोल वरच्या ओळीत असेल तर नको. सिटाइल आणि सिटोस्टिअरिल अल्कोहोल हे मेणचट आणि सालस असतात, नावामुळे बिचारे बदनाम.

फेसवॉशच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर त्याची एक गोष्ट आठवावी. त्वचेला मुद्दाम खाज आणि लाली आणून तिचा अभ्यास करायचा असतो, तेव्हा संशोधक हेच द्रव्य लावतात. आपण ते पुदिन्याच्या वासात विकत घेतो.

पॅराबेन या टिकाऊपणासाठीच्या द्रव्याची कहाणी तर तमाशाच्या वगात शोभेल अशी. लोकांनी पॅराबेनची धास्ती घेतली, कंपन्यांनी "पॅराबेन-फ्री" असं ठळक छापलं, आणि क्रीम नासू नये म्हणून काहींनी त्याच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन घातलं. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटी दरवर्षी एका ॲलर्जीकारक पदार्थाला मानाचं पान देते. 2013 साली ते मिळालं या नव्या पदार्थाला. 2019 साली त्याच संस्थेने पॅराबेनला काय घोषित केलं? वर्षातला "ॲलर्जी न देणारा" पदार्थ. एव्हाना पॅराबेनचं नाव पुरतं बदनाम झालं होतं. "हायपोॲलर्जेनिक" या शब्दालाही कुठलं ठरलेलं माप नाही. आणि "त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले" यात तपासून ते काय म्हणाले, हे कधीच छापलेलं नसतं.

दुकानातून रिकाम्या हाताने परतलं की नातेवाईक सरसावतात. मुलतानी माती तेल शोषते. आपल्याकडे तेलच नाही, मग ती पाणी शोषून घेते आणि चेहऱ्याला तडे जातात. लिंबाचा सामू 2 च्या आसपास. ते आमटीत पिळावं. कोरफड चांगली, पण पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो खाजवतो. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक गळू द्यावा आणि आतला पारदर्शक गर धुवून घ्यावा. दिवाळीच्या पहाटेत मात्र परंपरेने निम्मं काम चोख केलं आहे. आंघोळीआधी तेल लावणं उत्तम, खोबरेल तर फारच छान. पुढे नागरमोथा, आंबेहळद आणि संत्रासालीचं भरड उटणं खसखसून घासायचं आणि वर बंबातलं उकळतं पाणी, तिथे सगळं मुसळ केरात. आत्याबाईंनी उटण्याची वाटी पुढे केलीच तर दोन्ही कोपरांना लावावं, छान वास येतो असं म्हणावं आणि दार लावून घ्यावं.

शेवटी आपली माणसं गोळे कॉलनीत सापडतात. औषधांच्या या बाजारात कोणी गाल दाखवून हसत नाही, कोणी हुंगायला देत नाही. तिथे लिक्विड पॅराफिन आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिनचं साधं क्रीम मागावं, किंवा ग्लिसरीन, सेरामाइड आणि पेट्रोलॅटम (म्हणजेच पेट्रोलियम जेली) असलेलं बिनवासाचं. डबा अगदी ओबडधोबड, घरी येणाऱ्यांना दाखवण्याच्या लायकीचा मुळीच नसतो. डबा मोठा घ्यावा, कारण अंगभर एकदा लावायला 25 ते 30 ग्रॅम लागतं. म्हणजे कॉलेज रोडची 50 ग्रॅमची नाजूक बरणी दोन वेळेत संपते. आपण ती वर्षभर पुरवतो आणि मग "मला काहीच लागू पडत नाही" असं म्हणतो! तर्जनीच्या पहिल्या पेरावर बसेल एवढं क्रीम साधारण अर्धा ग्रॅम भरतं, बोटांसकट हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

लावायची वेळ आंघोळीनंतरची पहिली तीन मिनिटं. टॉवेल टिपायचा, घासायचा नाही. अंग किंचित ओलं असतानाच केसांच्या दिशेने, वरून खाली लावायचं, उलटं चोळलं तर पुटकुळ्या येतात. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत लावून सोडून देऊ नये. ते पाणी ओढून घेतं आणि बाहेर नाही मिळालं तर आतून घेतं. एक भाग ग्लिसरीन, तीन-चार भाग पाणी, आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. या जेलीचं अमेरिकेत पेटंट झालं 1872 साली. त्वचेतून उडणारं पाणी रोखण्यात तिचा हात धरणारं अजून फारसं काही निघालेलं नाही. "पेट्रोल असतं ना त्यात?" असं विचारणाऱ्याला तिच्यावर गाडी चालवून दाखवायला सांगावं.

नवं काहीही थेट तोंडाला फासू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस. आपल्याला हे सुचतं ते मात्र हळदीच्या आदल्या रात्री. क्रीममधला युरिया 5 ते 10 टक्के असेल तर ओलावा धरतो, 20 च्या वर गेला की जाड कातडी सोलतो. तो टाचांना ठीक, गालाला नाही. भेगाळलेल्या जागी कुठलाही युरिया झोंबतोच. निआसिनामाइड (बी-3 जीवनसत्त्वाचं एक रूप) चार-पाच टक्क्यांचं पुरे. दहाची बाटली दुप्पट गुण देत नाही, लाली मात्र देते. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं बघावं. चेहरा पांढुरका दिसतो, लोक बरं नाही का विचारतात, पण डोळे झोंबत नाहीत.

इथे चेष्टा थांबवून एक सांगायला हवं. "खाजेवर जालीम" म्हणून मिळणारी ट्यूब उलटी करून वाचावी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. चार दिवसांत चेहरा असा सुधारतो की दुकानदाराला पेढे द्यावेसे वाटतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब थांबवली की आगडोंब उसळतो. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, डॉक्टर सांगतील तितकेच दिवस वापरावीत. पाणी सुटणाऱ्या, पिवळट खपली धरणाऱ्या किंवा रात्री झोप न येऊ देणाऱ्या खाजेलाही क्रीमच्या डब्यात उत्तर नाही.

राहिल्या टाचा. त्यांच्यासाठी कोकणातून कोणी येत असेल तर भिरंडेल मागवावं. कोकमाच्या बियांचं हे तेल घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं, नाशिकच्या थंडीत तर दगड होतं. चमच्यात घेऊन मंद आचेवर पातळ करावं, बोटाला सोसेल इतकं निवू द्यावं, भेगांत भरावं, वर जुने सुती मोजे चढवावेत. मोज्यांशिवाय लादीवर पाऊल टाकू नये. आणि त्या बोटांनी मोबाइलचं कुलूप उघडत नाही, म्हणून सकाळचा गजर आधी लावून घ्यावा.