बारा पाऊण नऊ

दुपारी दोनचा तास. पोटात भात आणि सोलकढी, बाहेर माडांची सळसळ, खिडकीतून येणारा खारा वारा. अशा वेळी माणसाने आडवं व्हावं अशी निसर्गाची योजना असते. वेळापत्रकाची योजना अशी की त्याच वेळी मी ‘भरती-ओहोटी’ शिकवावी.

मी भूगोल शिकवतो. मूळचा कराडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहावीच्या सहलीत, तोही लांबून, कारण बाई जवळ जाऊ देईनात. आणि आता मालवणच्या किनाऱ्यावर, ज्यांच्या पडवीपर्यंत उधाणाचं पाणी येतं त्या पोरांना मी समुद्र समजावून सांगतो. वर त्याचा पगार घेतो.

या पिढीला वर्गात गुंतवून कसं ठेवावं, यावर आम्हाला मध्यंतरी प्रशिक्षण दिलं गेलं. सलग सहा तास. मला त्यात दोनदा डुलकी लागली. पण तीन उपाय वहीत उतरवून घेतले होते: पीपीटी, मोबाइलवर क्विझ आणि रील.

पीपीटी ४८ स्लाइडची केली. तिसऱ्या स्लाइडवर चंद्र उगवला आणि लाइट गेली. मागच्या बाकावरून शांतपणे आवाज आला, “सर, अवस झाली.” त्या दिवसाचं हसू तेवढंच.

क्विझला रेंज लागते. आमच्याकडे ती जिन्याच्या वळणावर मिळते, नाहीतर विहिरीपाशी. अकरा जण उत्तर पाठवायला विहिरीकडे गेले, त्यातले दोघे परत आले. एक दप्तर न्यायला आला होता.

तशी आमच्या वर्गाची पटसंख्या हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बाकावर जागा मिळत नाही. ऑगस्टात होड्या सुटल्या की बाकं मोकळी. मग गणपती, पुढे शिमगा, आणि आंबा काढायला आला की मी आणि फळा. ७५ टक्के हजेरीचा नियम मी दर वर्षी वाचून दाखवतो, साधारण कीर्तनकाराच्या आवाजात.

उरली रील. रविवारी सकाळी साडेआठला खडकावर उभा राहिलो, चपला नीट बाजूला काढून ठेवल्या, मोबाइल पुतण्याच्या हातात दिला. “मित्रांनो, चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे,” एवढं म्हणतोय तोवर एक लाट कमरेपर्यंत येऊन गेली. विषय भरतीचा, आणि भरतीची वेळ तेवढी बघायची राहिली होती! व्हिडिओत मी गुरुत्वाकर्षण अर्धवट सोडून ओरडताना दिसतो, “अरे चप्पल, चप्पल!” डावी खडकात अडकून हाती लागली, उजवी वाहून गेली. पुतण्याने न विचारता रील टाकून दिली.

सोमवारी दोनच्या तासाला वर्ग भरलेला. नावं मी पहिल्यांदाच ऐकत होतो अशीही मुलं हजर. मागच्या बाकावरचा, ज्याचा वर्षभरात ‘अवस झाली’ एवढाच सहभाग, तो उभा राहिला.

“सर, काल बारस. बारा पाऊण नव. नवाची भरती. साडेआठाक तुमी थंय कशाक उभे रवलात?”

“बारा पाऊण काय?”

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी आजवर नापास मुलांसाठी राखून ठेवली होती. मग फळ्याजवळ येऊन समजावलं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीचा तास येतो. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, त्याच्या आज्याला तोंडपाठ. कॅलेंडर भिंतीवर, बाकी काही लागत नाही.

मी खडू हिसकावला. माझीही अब्रू होती. पुस्तकात भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. तिथी दिवसापेक्षा थोडी लहान, म्हणून तिथीमागे ४८ धरा. आणि आज्याची पाऊणकी म्हणजे ४५! “म्हणजे तिथीमागे तीन मिनिटांची चूक,” मी विजयी मुद्रेने म्हणालो, “पंधरा तिथींत पाऊण तास! पौर्णिमेला तुझ्या आजोबांची भरती सव्वाअकराला, आणि माझ्या हिशोबाने बारा. सांग आता.”

“आजो पुनवेक हिशोब करणा नाय, सर. दर्याकडे बघता.”

वर्ग फुटला. पण त्यानंतर जे झालं ते मला वहीतल्या तीन उपायांत कुठेच सापडलं नाही. अर्धा वर्ग ४८ वाला, अर्धा पाऊणवाला, आणि एक मुलगी म्हणाली की तिच्या घरी खाडीत पाणी उशिरा चढतं, मग तिने कुठला आकडा धरायचा? घंटा होऊन वीस मिनिटं झाली तरी कोणी उठेना. पुढच्या तासाचे अर्थशास्त्राचे सर दारात उभे राहून घसा खाकरत होते.

निघताना तोच मुलगा टेबलापाशी आला. “सर, उद्या चारच्या तासाक आमी नाय हां.”

“का?”

“चतुर्दशी. साडेचाराच्या सुमाराक बरीच ओहटी. कालवां काढूक जातलो.”

हजेरीपट हातात होता. मी फक्त विचारलं, “विकता का रे कालवं?”

बुधवारी वर्गात गेलो तर टेबलावर केळीच्या पानात बांधलेली कालवं आणि शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वाळूने भरलेली एक चप्पल. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी भारावून ती उघडली.

डाव्या पायाची होती.