आमचा नोड कुठे जातोय?

नॉर्थ कॅरोलिनात, आमच्या कॅरी-मॉरिसव्हिल पट्ट्यात, दोन देशी माणसं पहिल्यांदा भेटली की आडनाव, गाव, व्हिसा हे सगळं नंतर, पहिला प्रश्न म्हणजे "तुमची बेस स्कूल कुठली?" बेस स्कूल म्हणजे तुमच्या पत्त्याला नेमून दिलेली सरकारी शाळा. आता पत्ता म्हणजे घर नंबर, रस्ता असं कुणाला वाटेल, पण तसं नाहीये. आमच्या वेक काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याने, शाळांसाठी अख्ख्या नकाशाचे छोटे छोटे तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकड्याला एक नंबर आहे, त्याला नोड म्हणतात, आणि नवीन शाळा उघडली किंवा जुनी फुटायला आली की यातले काही नोड इकडून उचलून तिकडे टाकतात. मला नवऱ्याचा रक्तगट दर वेळी फॉर्म भरताना त्यालाच विचारावा लागतो, पण नोड नंबर रात्री दोन वाजता उठवून विचारा, घडाघडा सांगेन.

घर घेताना आमच्या एजंटबाईंनी किचनचा ग्रॅनाइट दाखवायच्या आधी शाळा दाखवली होती. घरासमोर नाही, फोनवर, रेटिंगच्या आकड्यासकट. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की शाळेची खात्री देता येत नाही, चौकशी आपापली करावी, पण ते वाचतंय कोण, आम्ही दोघं तेव्हा मनातल्या मनात मुलांना गणिताच्या ऑलिम्पियाडला पाठवून मोकळे झालो होतो.

आता गंमत बघा. कॅरीची लोकसंख्या १९९० मध्ये साधारण ४४ हजार होती, २०२० च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. म्हणजे जी शाळा बघून आपण आलो तीच शाळा बघून बाकीचे सगळे पण आले. मग शाळेला लागते कॅप, म्हणजे प्रवेशाची मर्यादा. कॅप लागली की त्या तारखेनंतर त्या हद्दीत राहायला आलेल्यांनी शाळा फक्त बाहेरून बघायची, त्यांची मुलं जाणार ओव्हरफ्लो शाळेत. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, त्यांच्या बाल्कनीतून शाळेचं मैदान दिसतं, सकाळच्या घोषणासुद्धा ऐकू येतात, आणि त्यांचा मुलगा त्या घोषणा ऐकत ऐकत बसमध्ये चढून दुसऱ्याच शाळेत जातो. ती बिचारी कुणी घरी आलं की पडदा लावून घेते.

बरं, जे आत आहेत त्यांचे तरी लाड चाललेत का, तर तसंही नाही. आमच्या लेकीच्या शाळेत मागच्या मैदानावर ट्रेलर उभे आहेत, अधिकृत नाव मोबाइल क्लासरूम, पण मोबाइल कसले, त्यांच्याखाली गवत उगवून वाळूनसुद्धा गेलंय. कॅन्टीन लहान, मुलं जास्त, त्यामुळे पंगती उठवाव्या लागतात आणि हिची पंगत बसते साडेदहाला. साडेदहाला! सकाळी आठला पोहे खाल्लेलं पोर साडेदहाला पोळीभाजी कशी खाणार, डबा जसाच्या तसा घरी येतो आणि तीन वाजता गाडीत बसल्या बसल्या "आई भूऽऽक". त्यात आमच्या राज्याच्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा केला की किंडरगार्टन ते तिसरीचे वर्ग लहान करा. ऐकायला किती छान, एका बाईंकडे मुलं कमी. पण वर्ग लहान केले की खोल्या जास्त लागतात आणि खोल्या काही विधिमंडळात उगवत नाहीत, म्हणून बऱ्याच शाळांत चित्रकलेच्या आणि गाण्याच्या बाईंची खोली गेली. आमच्या चित्रकलेच्या बाई आता रंग, ब्रश, कागद सगळं चाकाच्या गाड्यावर घालून वर्गावर्गातून फिरतात, व्हरांड्यातून खडखड आवाज आला की मुलांना कळतं चित्रकला आली.

आणि इयर-राउंड शाळा हा तर वेगळाच प्रकार आहे. जुलैपासून शाळा सुरू, मुलांचे चार गट, त्यांना ट्रॅक म्हणतात, साधारण ४५ दिवस शाळा मग १५ दिवस सुट्टी, आणि कुठल्याही वेळी तीन ट्रॅक शाळेत आणि एक ट्रॅक घरी. म्हणजे एकाच इमारतीत तिसरा हिस्सा जास्त मुलं बसतात, ज्याने हे शोधलं त्याला मुंबईत पागडीवर खोल्या द्यायचा अनुभव असणार. काउंटीने मुलांना सक्तीने यात घातलं तेव्हा पालक कोर्टात गेले होते, २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यासाठी पालकांची संमती लागत नाही, झालं, विषय संपला. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना ट्रॅक चार हवा असतो कारण त्यात उन्हाळ्याची सुट्टी जरा सुट्टीसारखी मिळते. मला मात्र दिवाळीत सुट्टी येणारा ट्रॅक हवा होता. मिळाला तो असा की नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान पहाटे पाचला उरकून साडेआठला पोरगी वर्गात, कानात उटणं तसंच.

तर असं सगळं असताना नव्या हद्दींचा मसुदा आला. आधी पहिला ड्राफ्ट, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक ड्राफ्टला व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलतं. आमचा नोड पहिल्या ड्राफ्टमध्ये सुरक्षित होता तेव्हा ग्रुपचं मत असं पडलं की काउंटीने फार अभ्यास करून काम केलंय. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये आमचा नोड हायवेपलीकडे गेला आणि त्याच रात्री साडेअकराला त्याच लोकांनी गूगल शीट काढली, कुणी ट्रॅफिकचे आकडे आणतंय, कुणी ड्रोनने फोटो काढायला निघालंय. रस्त्यापलीकडच्या सोसायटीचा वेगळा ग्रुप, त्यांचं म्हणणं आमच्याऐवजी ह्यांना हलवा. कालपर्यंत गणपतीच्या आरतीला एकत्र टाळ्या वाजवणारी माणसं, आता कॉस्टकोत समोरासमोर आली की चीजच्या फ्रीजमध्ये तोंड घालतात.

काउंटीच्या शाळा बोर्डाच्या सुनावणीत माणशी दोन-तीन मिनिटं मिळतात, घंटी वाजली की माईक बंद. आमच्यातर्फे जे गृहस्थ बोलले ते न्यू जर्सीहून येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि ते माईकवर म्हणाले, "हे गाव आता पूर्वीसारखं राहिलं नाही." मागे बसलेल्या एका गोऱ्या आजींनी एवढ्या जोरात मान हलवली की मला आधी वाटलं पाठिंबा आहे. आजींचं आयुष्य इथे गेलंय, १९७६ ला रॅली (Raleigh) या आमच्या राजधानीच्या शहराची शाळाव्यवस्था आणि काउंटीची एकत्र झाली तेव्हापासून नकाशे बघतायत, त्या पार्किंगमध्ये मला म्हणाल्या की दर थोड्या वर्षांनी नवीन लोक येतात आणि अगदी हेच वाक्य बोलतात, फक्त शर्ट वेगळा असतो. बोर्डावर चिडून तरी काय करणार, दीड लाखाहून जास्त मुलं कुठे ना कुठे बसवायचीत त्यांना. बरं, लेगसी म्हणून एक सोय असते, आहे त्या शाळेत शिकणारं मूल तिथेच राहू शकतं, पण बस मिळत नाही, तुमचं तुम्ही सोडा आणि आणा.

इथे नवऱ्याच्या डोक्यात इमर्शन शिरलं. इमर्शन म्हणजे गणित-विज्ञानसुद्धा परक्या भाषेत शिकवायचं, पाच वर्षांच्या पोराला पहिल्या दिवसापासून थेट स्पॅनिशमध्ये टाकायचं. ह्याची सुरुवात १९६५ मध्ये कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टला झाली, तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनीच आपल्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून शाळेच्या मागे लागून वर्ग काढायला लावला. त्यांना फ्रेंच हवं होतं. आम्हाला खरं सांगायचं तर धाकट्याला नकाशातून बाहेर काढायचं होतं. मॅग्नेट शाळेत, म्हणजे इमर्शनसारखं काही खास शिकवणाऱ्या, अर्ज करून जायच्या सरकारी शाळेत, नंबर लागला की बेस स्कूल कुठे का जाईना, आणि तिथे सख्ख्या भावंडाला आधी घेतात, म्हणजे एका पोराचा नंबर लागला की पुढच्यासाठी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यातच जमा. एका मैत्रिणीने तर तिसऱ्याचा विचार या मुद्द्यावर गांभीर्याने केला होता.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, त्याला अजून 'ळ' म्हणता येत नाही, स्पॅनिश कशाला?" मी म्हणलं, "आई, मेंदूसाठी चांगलं असतं." त्यावर, "मग मराठीने काय मेंदूला सूज येते का?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण रविवारची मराठी शाळा आहे ना इथे, मंडळाच्या हॉलमध्ये, लॉटरी नाही, वेटलिस्ट नाही, कॅप नाही, नोड विचारत नाहीत. बाई घरी फोन करून करून मुलं गोळा करतात, येताना चकल्या आणतात, तरी वर्गात सात डोकी आणि त्यातली दोन बाईंची स्वतःची.

अर्ज भरला, लॉटरी झाली, वेटलिस्ट आली. वेटलिस्टचा आकडा रोज सकाळी दात घासायच्या आधी बघायचा आणि तो हलला नाही की दिवसभर चिडचिड. शेजारच्यांनी मॅन्डरिन, म्हणजे चिनी भाषेचं इमर्शन टाकलं होतं, त्यांचं लगेच लागलं, त्यांचा चेहरा बघून कळेना की पेढे मागावे की धीर द्यावा. शेवटी उन्हाळ्यात एकदाचा आमचाही नंबर लागला.

आता धाकटा स्पॅनिश इमर्शनला जातो. बस आहे, पण एक्स्प्रेस, म्हणजे ती घराशी येत नाही, दुसऱ्याच एका शाळेच्या पार्किंगमध्ये उभी राहते आणि पोराला तिथवर आपण नेऊन घालायचं. मोठीची शाळा एका दिशेला, ह्याची बस दुसऱ्या दिशेला, मी सकाळी एवढी गाडी चालवते की ऑफिसला पोचेपर्यंत माझा दिवस संपलेला असतो. संध्याकाळी होमवर्क, सूचना सगळ्या स्पॅनिशमध्ये. नवरा कागदावर फोनचा कॅमेरा धरून उभा राहतो, भाषांतर स्क्रीनवर थरथरत येतं, "कापा" असं एकदा स्थिर दिसलं म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या कात्रीने सगळी चित्रं कापून ठेवली, मग खाली दुसरी ओळ उमटली की कापा फक्त त्रिकोण. धाकटा शांतपणे म्हणाला, "बाबा, मी सांगत होतो ना." मराठीत म्हणाला, हे त्याचं कौतुक.

परवा आमच्या सोसायटीमागचं रान साफ करायला बुलडोझर आलेत, टाउनहाऊसेस होणार म्हणे, भरपूर. ग्रुपवर लगेच याचिका फिरली, शाळांवर ताण येईल, परवानगी देऊ नका. पहिली सही न्यू जर्सीवाल्यांची, दुसरी बाल्कनीवाल्या जोडप्याची, नववी माझी. दहावी सही एजंटबाईंची आहे, आणि त्याच बाईंचा कालच मेसेज आलाय की नव्या टाउनहाऊसचं बुकिंग सुरू होतंय, कुणी ओळखीचं असेल तर सांगा, शाळा उत्तम आहे.