एका टीव्हीवर चौघे: स्प्लिट-स्क्रीन का टिकली पाहिजे

सप्टेंबर २०२२ मध्ये ३४३ इंडस्ट्रीज या स्टुडिओने जाहीर केले की, 'हेलो इन्फिनिट' या गेमचे कॅम्पेन, म्हणजे कथेचा भाग, एकाच टीव्हीवर मिळून खेळण्याची जी सोय देण्याचे त्यांनी कबूल केले होते, तिच्यावरचे काम आता थांबवण्यात आले आहे. स्टुडिओचे मनुष्यबळ लाइव्ह सर्व्हिसकडे, म्हणजे सतत नवा मजकूर घालत चालू ठेवायच्या ऑनलाइन भागाकडे वळवायचे आहे, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर थोड्याच काळात काही खेळाडूंनी मेन्यूमधल्या एका पळवाटेने तीच स्प्लिट-स्क्रीन, म्हणजे एका टीव्हीचे भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र चौकट देणारी सोय, चालू करून दाखवली. ती अपुरी होती, तिच्यात चुका होत्या, पण ती चालत होती. मला ही घटना महत्त्वाची वाटते, कारण स्प्लिट-स्क्रीन की ऑनलाइन हा वाद बहुतेक वेळा तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणून मांडला जातो, आणि इथे तो कोणत्या कामाला आधी माणसे द्यायची एवढ्यावरच येऊन ठेपलेला उघड दिसला.

गेमिंगच्या गप्पांमध्ये एक सूर नेहमी ऐकू येतो. पूर्वी इंटरनेट नव्हते म्हणून लोक नाइलाजाने एका टीव्हीचे तुकडे करून खेळत. आता प्रत्येकाला अख्खी स्क्रीन मिळते, मग पुन्हा मागे कशाला जायचे? हे म्हणणे मला अजिबात पटत नाही. स्प्लिट-स्क्रीन ही ऑनलाइन खेळाची जुनी, कच्ची आवृत्ती नव्हे. तो वेगळ्या जातीचा खेळ आहे, आणि तो गेला तर त्याची जागा कितीही वेगवान फायबर कनेक्शनने भरून निघणार नाही.

१९९६ साली आलेल्या निन्टेन्डो ६४ या कन्सोलला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राला, पुढच्या बाजूलाच कंट्रोलरची चार सॉकेट होती. त्याच्या आधीच्या लोकप्रिय कन्सोलना सहसा दोनच असत आणि चौघांना खेळायचे तर वेगळे उपकरण विकत आणावे लागे. पुढच्याच वर्षी रेअर या ब्रिटिश स्टुडिओचा 'गोल्डनआय ००७' हा नेमबाजीचा गेम आला. त्यातला चौघांचा सामना काम संपत आलेले असताना, अखेरच्या काही महिन्यांत घालण्यात आला होता, आणि आज तो गेम लोकांच्या लक्षात आहे तो मुख्यतः त्या सामन्यासाठीच. २१ इंची टीव्हीचे चार भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेदहा इंचांची चौकट येते. स्फोट झाला की चित्र अडखळते. शिवाय शेजारच्या चौकटीत नजर टाकली की प्रतिस्पर्धी कोणत्या जिन्यावर दबा धरून बसला आहे ते लगेच कळते. कागदावर मांडले तर हे सगळे दोषच ठरतात.

प्रत्यक्षात मात्र त्या डोकावण्यातून खेळाला एक नवी बाजू मिळाली. लपणारा खेळाडू मुद्दाम भिंतीला नाक लावून उभा राहायचा, म्हणजे डोकावणाऱ्याला नुसती भिंत दिसायची. मग डोकावणारा त्या भिंतीच्या रंगावरून आणि पोतावरून खोली ओळखायला शिकायचा. मेलबर्नच्या सामुराई पंक या स्टुडिओने २०१४ साली 'स्क्रीनचीट' नावाचा गेम काढला, त्यात सगळे खेळाडू अदृश्य असतात आणि एकमेकांना शोधण्याचा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या चौकटीत पाहणे. ज्याला दोष म्हणून हिणवले गेले, त्याच्यावर एक अख्खा गेम उभा राहिला.

नियमांच्या बाबतीतही हेच दिसते. 'गोल्डनआय'मध्ये ऑडजॉब हे पात्र इतरांपेक्षा बुटके असल्यामुळे त्याच्यावर नेम धरणे अवघड जायचे. म्हणून कितीतरी घरांमध्ये ऑडजॉब घ्यायचा नाही असा नियमच होता. तो गेममध्ये कुठेही लिहिलेला नव्हता. प्रत्येक घरातल्या कॅरमचे नियम थोडे वेगळे असतात, तसा तो खोलीतल्या लोकांनी ठरवलेला होता आणि मोडला तर तिथेच भांडून मिटवलाही जायचा. ऑनलाइन सामन्यांत अनोळखी लोकांशी गाठ पडते तेव्हा नियम ठरवते कंपनी, प्लेलिस्ट (कोणत्या प्रकारचे सामने खेळता येतील त्यांची यादी) ठरवते कंपनी आणि वागणूक बिघडली तर दाद मागायचीही कंपनीकडेच. लाखो लोकांचा खेळ सांभाळायचा असेल तर ते आवश्यकच आहे, हे मी मान्य करतो. पण खेळाचे नियम आपापसांत ठरवण्याची जी सवय मुलांना हॉलमध्ये बसून लागते, ती तिथे लागू शकत नाही.

आता 'हेलो'कडे येतो, कारण हा सगळा बदल त्या एका मालिकेत स्पष्ट दिसतो. नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलसोबत पहिला 'हेलो' आला. एका टीव्हीवर चौघे खेळू शकत होते, आणि कन्सोललाच इथरनेट पोर्ट असल्यामुळे चार एक्सबॉक्स केबलने जोडले की सोळा जणांचा सामना भरवता यायचा. म्हणजे नेटवर्क आणि स्प्लिट-स्क्रीन एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हेलो २' आला आणि त्याने एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवर साधारण तुमच्या तोडीचे प्रतिस्पर्धी आपोआप शोधून देण्याची पद्धत कन्सोलवर रुळवली. हे मोठेच काम होते. पण त्या काळातही एकाच कन्सोलवरून, एकाच टीव्हीसमोर बसलेले मित्र पाहुणे म्हणून लॉग-इन करून ऑनलाइन सामन्यात उतरू शकत होते, आणि २००७ च्या 'हेलो ३' मध्येही ती सोय होती. सोफ्यावर शेजारी भाऊ आणि समोर जगाच्या पाठीवरचे अनोळखी लोक, असा सामना तेव्हा सहज व्हायचा. स्प्लिट-स्क्रीन विरुद्ध ऑनलाइन अशी जी लढाई आज लावली जाते, ती नंतर निर्माण केलेली आहे, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

ऑक्टोबर २०१५ मधल्या 'हेलो ५: गार्डियन्स' मध्ये स्प्लिट-स्क्रीन पूर्णपणे काढून टाकली गेली. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, देण्यासाठी हा त्याग करावा लागला, असे सांगण्यात आले. चाहत्यांचा राग इतका होता की, २०१७ साली स्टुडिओच्या प्रमुख बॉनी रॉस यांनी यापुढच्या प्रत्येक फर्स्ट-पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) 'हेलो'मध्ये स्प्लिट-स्क्रीन असेल अशी जाहीर ग्वाही दिली. 'इन्फिनिट'च्या मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपापसांतल्या सामन्यांत, ती आली, कॅम्पेनमध्ये मात्र शेवटी आलीच नाही.

तांत्रिक अडचण खोटी नाही आणि तिच्याविषयी नीट बोलले पाहिजे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक चित्र तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद. टीव्हीचे दोन भाग केले तरी एकूण पिक्सेल तेवढेच राहतात, त्यामुळे काम तेवढेच असेल असे वाटते; पण दोन कॅमेरे असल्यामुळे कोणत्या वस्तू दिसतात आणि कोणत्या नाहीत, हे ठरवण्यापासून चित्र उभे करण्याची बरीचशी तयारी दोनदा करावी लागते, आणि तो बोजा प्रोसेसरवर पडतो. दोन खेळाडू नकाशाच्या दोन टोकांना गेले तर दोन्ही प्रदेश एकाच वेळी मेमरीत ठेवावे लागतात. पहिल्या 'हेलो'ने यावर साधा तोडगा काढला होता: पुढे गेलेल्या खेळाडूने ठरावीक हद्द ओलांडली की मागे राहिलेला आपोआप उचलून त्याच्याजवळ आणला जायचा. 'इन्फिनिट'सारख्या मोकळ्या जगात ते अवघड आहे हे खरे. पण त्याच गेमच्या ऑनलाइन को-ऑपमध्येही, म्हणजे एकाच बाजूने मिळून खेळतानाही, खेळाडूंनी एकमेकांपासून फार दूर जाऊ नये अशी मर्यादा घातलेली आहे. म्हणजे मर्यादा घालून प्रश्न सोडवता येतो. ऑनलाइनसाठी तो सोडवला गेला, सोफ्यासाठी नाही.

माझी मागणी एवढीच आहे की, निवड खेळणाऱ्यावर सोपवावी. दोघांनी एकत्र खेळताना फ्रेम ३० वर आल्या, सावल्या साध्या झाल्या, दूरची झाडे उशिरा दिसली, तर शेजारी बसलेल्या माणसाच्या बदल्यात मी ते आनंदाने स्वीकारीन. कितीतरी लोक स्वीकारतील. त्यांना विचारलेच जात नाही.

खर्चाचा मुद्दा आपल्याकडे विशेष बोचतो. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती, वेगळा कंट्रोलर ५,९९० रुपयांना होता आणि सोनीचे मोठे नवे गेम ४,९९९ रुपयांना. म्हणजे दुसऱ्या माणसाला माझ्या घरी खेळात घ्यायचे तर खर्च एका कंट्रोलरचा. त्याच माणसाने ऑनलाइन खेळायचे तर त्याच्याकडे स्वतंत्र कन्सोल हवा, स्वतंत्र टीव्ही हवा, बहुतेक गेमसाठी दुसरी प्रत हवी आणि विकत घ्यायच्या बहुतेक गेमसाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणीही हवी. एक्सबॉक्सने पहिल्यापासून ऑनलाइन खेळासाठी पैसे घेतले, सोनीने २०१३ च्या प्लेस्टेशन ४ पासून घेतले आणि निन्टेन्डोने सप्टेंबर २०१८ पासून. स्प्लिट-स्क्रीनवर अशी वर्गणी लावता येत नाही. कंपन्यांचा उत्साह एका बाजूला का झुकला, याचे सगळे कारण यात नसेल. पण मोठा वाटा यात आहे, असे माझे ठाम मत आहे.

ऑनलाइन खेळाने दिलेले मी नाकारत नाही. नोकरीसाठी न्यू जर्सीला गेलेल्या मित्राबरोबर रविवारी सकाळी तासभर खेळता येते, हे मोलाचे आहे, आणि परदेशात घरे असलेल्या अनेक मराठी कुटुंबांत भावंडांचा संपर्क टिकायला अशा खेळाचा हातभार लागतो. मात्र अंतर संपत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे भारतात सर्व्हर नसलेल्या गेममध्ये माझी गोळी तिथवर जाऊन उत्तर परत यायला, केबल अगदी सरळ टाकलेली असती तरी, ३९ मिलिसेकंद लागणारच. खऱ्या केबल वळणे घेतात आणि मध्ये यंत्रे असतात, त्यामुळे आकडा वाढतो. तेवढ्या वेळात गेमची दोन-तीन चित्रे होऊन गेलेली असतात आणि मधली पोकळी सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. एकाच कन्सोलला जोडलेल्या दोन कंट्रोलरमध्ये मात्र सर्व्हरच्या अंतराने कोणाला झुकते माप मिळत नाही.

माझी भाची आणि भाचा सुटीत आले की 'इट टेक्स टू' खेळतात. हेझलाइट स्टुडिओचा हा गेम मार्च २०२१ मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेम ठरला. तो एकट्याला खेळताच येत नाही आणि ऑनलाइन खेळतानाही स्क्रीन बहुतेक वेळ दुभागलेलीच राहते, कारण साथीदार काय करतो आहे हे दिसणे हाच त्याचा गाभा आहे. एका टप्प्यावर तिच्याकडे हातोडा असतो आणि त्याच्याकडे खिळे. त्याने भिंतीत खिळा मारायचा आणि तिने हातोडा त्यात अडकवून झोका घ्यायचा. "दादा, खिळा काढू नकोस, मी अजून लटकलेय!" असे ती ओरडते, तो घाईत बटण दाबतो, ती पडते, आणि मग ती त्याच्या हातातला कंट्रोलर ओढून घेऊन केव्हा दाबायचे ते त्याच्या बोटांना धरून दाखवते. हेडसेटवरून सूचना देता येतात, पण बोट धरून शिकवता येत नाही. नवख्या माणसाला, आईला, आजोबांना खेळात ओढायचे तर हेच लागते. अनोळखी लोकांच्या सामन्यात नवख्याच्या वाट्याला बऱ्याचदा शिव्याच येतात, आणि त्या ऐकून कंट्रोलर खाली ठेवलेली माणसे मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यांत गंभीर वाटते. पहिल्या एक्सबॉक्ससाठीची एक्सबॉक्स लाइव्ह सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. 'हेलो २' चे काही खेळाडू त्या दिवशी सामन्यातून बाहेरच पडले नाहीत; चालू असलेले कनेक्शन तुटत नव्हते, म्हणून त्यांनी कन्सोल बंदच केले नाहीत आणि मे महिन्यापर्यंत एकेक करून ते गळाले. निन्टेन्डोने वी आणि डीएस या आपल्या यंत्रांची ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्ये थांबवली, वी यू आणि थ्रीडीएसची एप्रिल २०२४ मध्ये. याउलट 'हेलो २' ची डिस्क आणि चालू स्थितीतला एक्सबॉक्स असेल, तर स्प्लिट-स्क्रीनचा सामना आजही लागतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये 'गोल्डनआय' एक्सबॉक्सवर पुन्हा आला तेव्हा त्यात ऑनलाइन सामना नव्हताच, फक्त एका खोलीतला होता, आणि म्हणूनच तो सामना कंपनीला सर्व्हर बंद करून संपवता येणार नाही.

इच्छा असली की वाट निघते, याची ताजी उदाहरणे आहेत. 'बाल्डर्स गेट ३' या गेमची एक्सबॉक्स आवृत्ती लांबली ती एक्सबॉक्स सिरीज एस या कमी ताकदीच्या कन्सोलवर स्प्लिट-स्क्रीन नीट चालेना म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये त्या कन्सोलवर गेम तिच्याशिवाय आला. गेम बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने विषय तिथे सोडला नाही आणि एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमधून, म्हणजे गेममधल्या सुधारणांच्या हप्त्यातून, सिरीज एसलाही स्प्लिट-स्क्रीन मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या 'हेलो'चे नवे रूप २०२६ साठी जाहीर झाले, तेव्हा कन्सोलवर दोघांची स्प्लिट-स्क्रीन असेल हे घोषणेतच सांगितले गेले.

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. गेम विकत घेण्याआधी स्टोअरच्या पानावर नुसते को-ऑप हे शब्द पाहून पैसे भरू नयेत. एका कन्सोलवर किती जण आणि ऑनलाइन किती जण हे तिथे वेगवेगळे लिहिलेले असते, ते वाचावे, आणि कॅम्पेन व मल्टिप्लेअर या दोन्हींत ती सोय आहे का हेही तपासावे. स्प्लिट-स्क्रीन असलेले गेम पूर्ण किमतीला घ्यावेत, आणि नसलेल्या गेमच्या परीक्षणात ती नाही हे स्पष्ट लिहावे. मराठीत गेमचे व्हिडिओ करणाऱ्या मंडळींना माझी विशेष विनंती आहे की, ग्राफिक्स आणि फ्रेमरेटच्या बरोबरीने एका टीव्हीवर किती जण खेळू शकतात हेही पहिल्या दोन मिनिटांत सांगत जा.