घरातून धंदा करायला ‘काहीच लागत नाही’ हे खरं नाही

दिवाळी जवळ आली की फराळाच्या ऑर्डरींसोबत एक मेसेज पण फिरायला लागतो. ‘गृहिणींनो घाबरू नका, स्वतःच्या घरात धंदा करायला कोणाचीही परवानगी लागत नाही’ असं वरती, खाली मुद्दे, आणि शेवटी जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण यातला जवळपास प्रत्येक मुद्दा अर्धवट आहे आणि त्याच्या भरवशावर राहिलेली बाई कोणी एक तक्रार केली की एकदम एकटी पडते. मला याचा राग येतो कारण जे लागतं ते थोडं आहे, स्वस्त आहे, आणि हातात कागद असेल तर तिच्याशी कोणी वाटेल तसं बोलू शकत नाही. मी महाराष्ट्रापुरतं लिहितेय, मुद्दे मेसेजमधल्याच क्रमाने.

‘घर आपलं, त्यात काय करायचं ते आपण ठरवायचं.’

नाही, जागेचा वापर नियमावली ठरवते. मुंबईला डीसीपीआर २०३४ आहे आणि बाकी बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर, दोन्ही बांधकाम आणि जागेच्या वापराच्या सरकारी नियमावल्या. त्यात रहिवासी भागात घरगुती उद्योगाला सरळ परवानगी आहे, शिवण, भरतकाम असली उदाहरणंसुद्धा दिली आहेत, पण अटींसकट. काम घरच्या माणसांनी करायचं, पगारी कामगार ठेवायचे नाहीत, आणि मशीन वापरलं तर एकूण लोड ०.७५ किलोवॅट म्हणजे १ एचपीच्या आत. म्हणजे पिको-फॉलचं मशीन चालेल, १ एचपीची घरघंटी पण बसते, पण हॉलमध्ये मिरची कांडपाचं मोठं मशीन लावून चार बायका कामाला ठेवल्या तर तो घरगुती उद्योग राहत नाही, मग फ्लॅट तुमच्या नावावर असला तरी. डॉक्टर, वकील, सीए यांच्या घरातल्या ऑफिसला वेगळी तरतूद आहे, तिला क्षेत्रफळाची मर्यादा आहे.

‘घरगुती पदार्थांना फूड लायसन लागत नाही, ते हॉटेलवाल्यांना.’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात फूड बिझनेसची व्याख्या इतकी रुंद आहे की नफ्यासाठी असो वा नसो दोन्ही त्यात येतं, आणि घर की दुकान असा फरक त्यात केलेलाच नाही. फरक आहे तो छोटा की मोठा याचा. मोठ्याला लायसन, छोट्याला नुसती नोंदणी. २०११ चे नियम आले तेव्हा छोटा म्हणजे वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असं धरलं होतं, आपल्या चकली-लाडू-पुरणपोळीवाल्या ताया बहुतेक त्यातच येतात. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये. अर्ज फॉसकॉस या अन्न सुरक्षेच्या सरकारी पोर्टलवर, फोटो आणि ओळखपत्र लागतं, आणि नियम असा की सात दिवसांत अधिकाऱ्याने एकतर नोंदणी द्यायची, नाहीतर कारण देऊन नाकारायची, नाहीतर तपासणीची नोटीस द्यायची. एवढ्यासाठी एजंट हजारो रुपये घेतात आणि लोक देतात कारण त्यांना वाटतं हे फार मोठं काहीतरी आहे.

नोंदणीचा १४ आकडी नंबर मिळाला की तो पाकिटावर टाका आणि बिलावरही, बिलावर टाकणं जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. पाकीटबंद विकत असाल तर नाव, पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, घटक पदार्थ, हिरवी खूण हे सगळं लेबलवर हवं, यातलं वजन-किंमत वैधमापनवाले (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) बघतात आणि बाकीचं एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन. आमच्या ओळखीच्या एका ताईंच्या पुरणपोळ्यांवरून बिल्डिंगमधल्या कोणीतरी ‘अस्वच्छ ठिकाणी अन्न बनवतात’ म्हणून सोसायटीत पत्र दिलं होतं, त्यांनी मीटिंगमध्ये नोंदणीचं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि ज्यांना किचन बघायचंय त्यांनी आत्ता या म्हणाल्या, विषय तिथेच संपला.

आणि जाता जाता, साबण, उटणं, लिपबाम यांना तर घरगुती नोंदणीची सोयच नाही. विकायला बनवलेला अंगाचा साबण हे कायद्याने कॉस्मेटिक आहे आणि त्याच्या उत्पादनाला राज्याच्या एफडीएचं लायसन लागतं. हँडमेड लिहिल्याने ते टळत नाही.

‘उद्यम सर्टिफिकेट काढलं की बाकी कशाची गरज नाही.’

उद्यम ही छोट्या उद्योगाची नुसती ओळख आहे, कर्ज, योजना, अडकलेलं पेमेंट यासाठी उपयोगी. जुलै २०२० पासून चालू आहे आणि पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. पण ते लायसन नाही. गुमास्त्याला म्हणजे दुकाने कायद्याखालच्या नोंदणीला मात्र लोक उगाच घाबरतात, २०१७ च्या नव्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी कामगारवाल्यांची नोंदणीच काढून टाकली, ऑनलाइन सूचना दिली की झालं.

‘४० लाखांपर्यंत जीएसटीचा संबंधच नाही.’

४० लाख फक्त माल विकणाऱ्यांना. क्लासेस, पार्लर, मेंदी अशा सेवा असतील तर २० लाख, आणि डबे, खानावळ पण २० लाखांतच. दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही, माल राज्याबाहेर गेला की मर्यादा उरत नाही, हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडले तर पहिल्या विक्रीपासून जीएसटी नंबर लागतो. कोल्हापूरहून बेळगावला चटणी पाठवली किंवा सावंतवाडीहून पणजीला, माणसं आपलीच असली तरी राज्य दुसरं आहे. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून माल विकणाऱ्या छोट्यांना मात्र ऑक्टोबर २०२३ पासून सूट मिळाली आहे.

‘सोसायटी तुमचं काहीही वाकडं करू शकत नाही.’

करू शकते आणि करू शकत नाही, दोन्ही खरं आहे म्हणून नीट वाचा. फ्लॅटचा वापर बदलायचा तर सोसायटीची आधी लेखी परवानगी लागते, हे आदर्श उपविधींमध्ये म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये आहे आणि तुमच्या सोसायटीने ते स्वीकारले असतील तर तुम्ही बांधील आहात. पॅसेजमध्ये क्रेट, जिन्यात गॅस सिलिंडर, गेटवर बोर्ड, दिवसभर डिलिव्हरीवाल्यांची लिफ्टमध्ये ये-जा, रात्री अकराला मिक्सर, यावर शेजारी बोलले तर ते बरोबर आहेत, तुमचं सर्टिफिकेट त्याला उत्तर नाही.

पण सेक्रेटरी म्हणाला म्हणून पाणी तोडता येत नाही. तुम्ही स्वतः राहत असताना ‘धंदा करता ना’ म्हणून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस लावता येत नाहीत, तो आकार सभासद स्वतः न राहता जागा दुसऱ्याला देतो तेव्हाचा, आणि १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने तोही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. मनाने ठरवलेला ‘कमर्शियल मेंटेनन्स’ मागितला तर कुठल्या उपविधीखाली ते लेखी मागा. आधी सोसायटीला लेखी द्या, त्याची पोच घ्या, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जा. तोंडी भांडणात नेहमी आपणच हरतो कारण समोर कमिटी असते.

‘लाइट आणि गॅस घरचाच वापरा.’

लाइटबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. वीज आयोगाच्या टॅरिफ आदेशांत वर्षानुवर्षं अशी तरतूद आहे की महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर आणि आधीच्या वर्षात ३६०० च्या आत असेल तर घराच्या एका भागात व्यवसाय केला तरी दर घरगुतीच राहतो. वापर त्यापुढे गेला तर तुमच्या बिलाला लागू असलेला आदेश एकदा बघून घ्या.

गॅसबद्दल मात्र धडधडीत चूक. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच आहे, त्यावर डबे आणि फराळ बनवून विकणं २००० च्या एलपीजी आदेशाचं उल्लंघन आहे आणि तो आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. १९ किलोचा कमर्शियल महाग पडतो हे मान्य, सगळ्यांनाच पडतो, तो खर्च किलोच्या भावात धरा.

‘अधिकारी आले तर दार उघडू नका.’

कृपा करून हे ऐकू नका. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आत येऊन तपासायचा अधिकार कायद्याने आहे आणि अडवणं हाच वेगळा गुन्हा होतो. ओळखपत्र मागा, ते दाखवायला काही हरकत नसते. सॅम्पल घेतलं तर त्याची किंमत त्यांनी द्यायची असते, तुमच्यासमोर त्याचे चार भाग करून सील करायचे असतात, आणि त्यातला एक भाग मान्यताप्राप्त खासगी लॅबला पाठवा असं तुम्ही तिथल्या तिथे मागू शकता. तो खर्च आपल्याला करावा लागतो, पण सरकारी रिपोर्ट विरोधात गेला तर आपल्या हातात दुसरा रिपोर्ट असतो, म्हणून मागायचं विसरू नका आणि मागितलंय ते लिहून घ्या.